फुटपाथावरून पाहिलेला कार्निव्हल

मागच्या अंकात लंडनला शिकायला गेलेल्या आपल्या एका मित्राचा लेख आला. नॉटिंग हिलचा कार्निव्हल त्यानं डोळ्यांनी पाहिला, त्यावर पाच पानं. लेख लोकांना आवडला. दोघातिघांनी मला वाटेत थांबवून सांगितलं, वाच, लंडन डोळ्यापुढं उभं राहतंय. मी तीनदा वाचला. एकदा तिसऱ्या पाळीवरनं येऊन, दोनदा सुट्टीच्या दिवशी डोकं शांत ठेवून. भाषा झकास आहे. पोरगा लिहू शकतो यात वाद नाही. वाद आहे तो त्यानं कुठं उभं राहून लिहिलं याचा.

तो फुटपाथावर उभा आहे. पाचही पानं. समोरनं मिरवणूक चाललीय आणि हा तिच्याकडं बघतोय. 'रंगीबेरंगी' हा शब्द नऊ वेळा आलाय, मी मोजला. 'बेभान' सहा वेळा. 'मुक्त' तर विचारूच नका. पिसांचे मुकुट, मणी, ढोल, धूर, घामानं चमकणारी काळी शरीरं. आता मला सांगा, हे सगळं लिहायला लंडनला जावं लागतं का? कुठल्याही पांढरपेशा माणसाचं प्रवासवर्णन उघडा, तो जिथं जाईल तिथं त्याला बाकीची माणसं 'बेभान' दिसतात, 'निरागस' दिसतात, आणि शेवटी 'जीवनाचा उत्सव' दिसतो. अशीच नजर शंभर वर्षं आपल्यावर टाकली गेली. आमच्या वस्तीत पाव्हणे म्हणून आलेले सुशिक्षित लोक म्हणायचे, गरिबी आहे पण माणसं किती मोकळी! ती नजर आपला माणूस स्कॉलरशिपवर जाऊन उसनी घेतो, ह्याचा मला राग आहे.

आधी शब्दापासून सुरुवात करू. कार्निव्हलमधल्या माणसाला विचारलं तर तो 'कार्निव्हल बघायला चाललो' म्हणत नाही. 'मास खेळायला चाललो' म्हणतो. मास म्हंजे मास्करेडचं तुटकं रूप. आपल्या मित्रानं त्याला मराठीत 'वेशभूषा स्पर्धा' असं केलंय. शाळेच्या गॅदरिंगचा शब्द! आपल्या भाषेत त्याला चांगला दणदणीत शब्द आहे: सोंग. सोंग घेणं, सोंग काढणं. सोंग घेतलेला माणूस रोजचा हमाल राहत नाही, रोजचा शिपाई राहत नाही. तेवढ्या रात्रीपुरता तो जे बोलतो ते ऐकून घ्यावं लागतं. मास तेच आहे. त्रिनिदादच्या जुन्या सोंगांत डेम लॉरेन म्हणून एक सोंग आहे. मळेवाल्यांच्या बायकांची नक्कल. छातीला, ढुंगणाला गाठोडी बांधायची आणि नखरे करत चालायचं. मालकिणीची अशी टर उडवायची सोय दुसऱ्या कुठल्या दिवशी होती? सैतानाचं एक सोंग आहे, जॅब मोलासी. अंगाला काकवी फासलेला काळा सैतान. ऊस ज्याच्या रक्तावर पिकला त्यानंच अंगाला काकवी फासून रस्त्यावर यायचं आणि पांढऱ्या कपड्यांतल्या लोकांच्या अंगाला अंग घासायची भीती दाखवायची. ह्यात 'रंगीबेरंगी' काय आहे? हा तर हिशोब आहे.

आता हा कार्निव्हल लंडनला कसा पोचला ते बघू, कारण लेखात त्याबद्दल एकच वाक्य आहे, की कॅरिबियन स्थलांतरितांनी आपली संस्कृती सोबत आणली. जणू ट्रंकेतनं लोणचं आणलं.

१९४८ मध्ये विंडरश नावाच्या बोटीनं वेस्ट इंडिजची माणसं इंग्लंडला आली आणि मग येतच राहिली. लढाईनं मोडलेल्या देशाला हात पाहिजे होते. लंडनच्या बसगाड्यांसाठी तर १९५६ पासून थेट बार्बाडोस बेटावर जाऊन भरती केली. दवाखान्यांना नर्सा पाहिजे होत्या. काम द्यायला तयार, खोली द्यायला कोण तयार नाही. नॉटिंग हिल तेव्हा आजच्यासारखं करोडोंच्या बंगल्यांचं नव्हतं, पडक्या घरांचं होतं. रॅकमन नावाचा घरमालक तिथं एकेका घरात माणसं कोंबून वाट्टेल ते भाडं घ्यायचा. घर न मिळणाऱ्या माणसाला कोंडवाडा महाग पडतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको. १९५८ च्या ऑगस्टच्या शेवटी त्याच गल्ल्यांत गोऱ्या पोरांच्या टोळ्या दांडकी, साखळ्या घेऊन काळ्यांच्या घरांवर चालून गेल्या. सप्टेंबर लागला तरी दंगल चालू होती.

ह्या दंगलीला उत्तर म्हणून एका बाईनं कार्निव्हल काढला. तिचं नाव क्लॉडिया जोन्स. पाच पानांत हे नाव एकदाही नाही! जन्म १९१५, त्रिनिदादचं पोर्ट ऑफ स्पेन. लहानपणीच आईबापापाठोपाठ न्यूयॉर्कला. आई कपड्याच्या कारखान्यात कामाला होती आणि तिथंच मशीनवर काम करता करता अचानक गेली. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. आमच्या सूतगिरणीतल्या रिंग फ्रेमवर ज्या बाया उभ्या असतात त्यांच्यातली कुणाची तरी ही पोर. ही पोर पुढं कम्युनिस्ट झाली, लिहू लागली, बोलू लागली, म्हणून अमेरिकेनं तिला तुरुंगात टाकलं आणि १९५५ मध्ये देशाबाहेर हाकललं. ती इंग्लंडला आली. १९५८ मध्ये तिनं ब्रिक्स्टनमधनं 'वेस्ट इंडियन गॅझेट' नावाचं पत्र काढलं. पैसा नाही, प्रकृती नाही, पत्र मात्र चालू. ह्या अंकाची कागदं गोळा करताना जे हाल होतात ते आठवा म्हंजे कळेल.

३० जानेवारी १९५९ ला तिनं सेंट पॅनक्रस टाऊन हॉलमध्ये पहिला कॅरिबियन कार्निव्हल भरवला. हॉलमध्ये, कारण त्रिनिदादचा कार्निव्हल फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास असतो आणि तेव्हा लंडनमध्ये रस्त्यावर नाचायची थंडी नव्हे. बीबीसीनं तो टीव्हीवर दाखवला. आणि महत्त्वाची गोष्ट ही, की त्या दिवशी विकलेल्या पुस्तिकेच्या पैशातला काही भाग दंगलीत पकडलेल्या पोरांचे दंड भरायला होता. काळ्या पोरांचे आणि गोऱ्याही पोरांचे! घरावर चालून आलेल्या पोरांतही तिला कामगाराची पोरं दिसली. एवढं काळीज कुठनं आणायचं? मला नाही जमणार, सरळ सांगतो. पण नाचगाण्याच्या तिकिटामागं हा विचार होता आणि आपला मित्र म्हणतो 'संस्कृती सोबत आणली'.

त्याच वर्षी १७ मेच्या रात्री केल्सो कॉक्रेन नावाच्या अँटिग्वाच्या सुताराला नॉटिंग हिलच्या रस्त्यात गोऱ्या पोरांनी भोसकून मारलं. हाताला लागलं होतं म्हणून दवाखान्यात जाऊन घरी चालला होता. अंत्ययात्रेला हजारावर माणसं आली. त्या खुनासाठी आजतागायत कुणाला शिक्षा झालेली नाही. कार्निव्हल ह्याच रस्त्यांवरनं फिरतो.

क्लॉडिया १९६४ च्या डिसेंबरात वारली. हायगेटच्या दफनभूमीत कार्ल मार्क्सच्या शेजारी, डाव्या बाजूला तिची जागा आहे. रस्त्यावरचा कार्निव्हल तिनं पाहिला नाही. तो १९६६ मध्ये निघाला, रॉन लॅसलेट नावाच्या वस्तीत काम करणाऱ्या बाईनं पोरांसाठी जत्रा भरवली तेव्हा. त्रिनिदादचा रसेल हेंडरसन आपली माणसं घेऊन आला, गळ्यात पॅन अडकवून वाजवत चालायला लागला आणि खिडक्यांतली माणसं खाली उतरून त्याच्या मागं चालू लागली. हे लोण मोठं झालं ते १९७३ मध्ये, लेस्ली पामर ह्या त्रिनिदादच्या मास्तरनं जमैकावाल्यांच्या साऊंड सिस्टिमी रस्त्याकडेला आणून लावल्या तेव्हा. तोवर त्रिनिदादवाले आणि जमैकावाले आपापल्या ठिकाणी होते. बेटं वेगळी, भांडणं वेगळी. एका रस्त्यावर आणणं हेच काम होतं.

आता पोलीस. लेखात एक पोलीस आहे, तो एका काळ्या मुलीबरोबर नाचतो आणि मित्राला गहिवरून येतं. असे फोटो दरवर्षी पेपरात येतात हे खरं. पण १९७६ च्या ३० ऑगस्टला ह्याच कार्निव्हलवर सुमारे ३ हजार पोलीस आणून उभे केले होते, एका पाकीटमाराला धरण्यावरनं भडका उडाला आणि शेकड्यानं माणसं जखमी झाली, पोरंही आणि पोलीसही. पोरांचा राग एका दिवसाचा नव्हता. १८२४ चा एक भटकेगिरीचा कायदा होता. त्याच्या जोरावर पोलीस कुठल्याही काळ्या पोराला नुसत्या संशयावरनं रस्त्यात उचलायचे. दीडशे वर्षांपूर्वीचा कायदा, भिकाऱ्यांसाठी केलेला, आणि उपयोग ह्यांच्यासाठी. ते कलम १९८१ मध्ये रद्द झालं. ह्याच सरकारनं १८७१ मध्ये आपल्याकडं गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता. आमच्या गिरणीतल्या एका पारधी सहकाऱ्याला अजून गावात काय झालं की पहिल्यांदा बोलावतात. हे धागे लंडनला बसलेल्याला दिसायला पाहिजेत, तो तिथं समाजशास्त्र शिकतोय.

आणखी मागं जावं लागेल. मागं गेल्याशिवाय ह्या नाचाचा अर्थ लागत नाही.

त्रिनिदादला फ्रेंच मळेवाले आले ते १७८३ नंतर. ते मुखवटे घालून नाचायचे, गुलामांना त्यात जागा नव्हती. उसाच्या मळ्याला आग लागली की रात्री-बेरात्री गुलामांना चाबकानं हाकत, हातात मशाली देऊन तिकडं न्यायचे. फ्रेंचमध्ये जळका ऊस, कान ब्रुले, त्याचं बोलीत झालं कॅम्बुले. १८३४ ला गुलामी कायद्यानं गेली, पुढची चार वर्षं 'उमेदवारी'च्या नावाखाली तेच काम करून घेतलं, १८३८ ला खरी सुटका. तेव्हा सुटलेल्या माणसांनी काय केलं? मशाली घेतल्या, ढोल घेतले, काठ्या घेतल्या आणि त्या रात्रीचंच सोंग काढलं. ज्या रात्री आपल्याला गुरासारखं हाकलं ती रात्र आपणच वाजवत गाजवत रस्त्यावर आणली. पुढं हे कार्निव्हलमध्ये मिसळलं. कुणी म्हणेल, दुःखाचा उत्सव कशाला? हा प्रश्न ज्यानं दुःख भोगलं नाही तोच विचारतो.

आणि हिशोबाचंच बोलायचं तर गुलामी गेली तेव्हा इंग्रज सरकारनं २ कोटी पौंड भरपाई दिली. गुलामांना नव्हे, मालकांना! माल गेला म्हणून. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा तुकडा २०१५ मध्ये फिटला. म्हंजे बसवर तिकिटं फाडणाऱ्या, दवाखान्यात रात्रपाळी करणाऱ्या काळ्या माणसांच्या करातनं त्यांच्याच आजे-पणज्यांच्या मालकांचं देणं फिटत होतं.

पोर्ट ऑफ स्पेनच्या चाळींतनं, अंगणांतनं राहणाऱ्या ह्या माणसांना वरचे लोक म्हणायचे जॅमेट. फ्रेंचमधल्या व्यासाच्या शब्दावरनं आलेला शब्द. समाजाच्या वर्तुळात मधोमध एक रेघ, रेघेच्या वरचे सभ्य, खालचे जॅमेट. त्यात काठी फिरवणारे पुरुष, गाणाऱ्या, भांडणाऱ्या, धंदा करणाऱ्या बाया. हा शब्द मला सापडला तेव्हा मी वहीत त्याच्यापुढं लिहून ठेवलं: गावकुसाबाहेर. आपल्या मित्रानं नाचणाऱ्या बायांच्या उघड्या अंगावर पाऊण पान खर्च केलंय. कौतुकानंच केलंय, शिव्या दिलेल्या नाहीत. पण कौतुकानं बघणाऱ्यांनीच तमाशाच्या फडात पुढची जागा धरलेली असते. ज्या बाईचं अंग दोनशे वर्षं मळेवाल्याच्या मालकीचं होतं ती आज रस्त्यात म्हणते, हे माझं आहे, बघायचं तर बघ, हात लावायचा नाही. हे न कळता 'घामानं चमकणारी शरीरं' लिहिणं म्हंजे त्या जुन्या लिलावाच्या बाजारात उभं राहणं आहे. शब्द कडक वाटला तर वाटू दे.

सरकारला हे सगळं अर्थात खुपत होतं. १८८१ मध्ये कॅप्टन बेकर नावाचा पोलीस अधिकारी कॅम्बुले मोडायला गेला, लोक काठ्या घेऊन उलटे उभे राहिले. मग १८८४ मध्ये कायदाच केला. मशाली बंद, ढोल बंद.

ढोल बंद. इथं मला थांबायचंय, कारण लेखातली सगळ्यात मोठी कमतरता इथं आहे. मित्र लिहितो, स्टीलच्या पिंपातनं जलतरंगासारखा गोड आवाज येत होता. बस्स, एवढंच. अरे, पिंपातनं आवाज येतो कसा? कुणी काढला?

ढोल बंद झाल्यावर माणसांनी बांबू तोडले. लहानमोठ्या लांबीचे, जमिनीवर आपटले की वेगवेगळा आवाज. टँबू-बँबू. काही वर्षं त्यावर काढली. १९३० च्या दशकात पोरं लोखंडाकडं वळली. बिस्किटाचे डबे, रंगाचे डबे, कचऱ्याच्या टोपल्यांची झाकणं, गाड्यांचे सुटे भाग. वाजवता वाजवता कुणाच्या तरी ध्यानात आलं, पत्रा जिथं ठोकून वर-खाली झाला तिथला सूर बदललाय. दुसरी लढाई आली, १९४२ ते ४५ कार्निव्हलवर बंदी. त्रिनिदादमध्ये तेल निघतं, अमेरिकेचा तळ पडलेला, तेलाची रिकामी पिंपं जिकडंतिकडं. लढाई संपली तेव्हा पोरं पिंपं घेऊन रस्त्यावर आली.

पॅन करायची रीत अशी. पिंप उपडं ठेवायचं. तळाचा पत्रा घणानं ठोकत ठोकत कढईसारखा खोल करायचा, घाई केली तर पत्रा फाटतो. मग आतनं सुरांच्या जागा आखायच्या आणि पंचनं त्यांच्या कडा मारायच्या, म्हणजे एका सुराचा थरथराट दुसऱ्यात जात नाही. बाजू कापायची. बारीक आवाजाला आखूड पिंप, खर्जाला अख्खं. मग आगीवर तापवायचं. मग बारक्या हातोडीनं एकेक सूर लावत बसायचं, खालनं मार, वरनं मार, कान लाव, परत मार. वाजवायच्या काठ्यांना टोकाला रबर. हे काम ज्यांनी शोधलं ते संगीत शिकलेले नव्हते. एली मॅनेट, विन्स्टन 'स्प्री' सायमन ही त्यातली नावं. पोर्ट ऑफ स्पेनच्या गरीब वस्त्यांतली, लाव्हेंटिलच्या टेकडीवरची पोरं, ज्यांना सभ्य लोक गुंड म्हणायचे, ज्यांच्याशी आपल्या पोरींनी बोलू नये असं आया सांगायच्या. १९५१ मध्ये ह्यांच्यातनं निवडलेलं एक पथक लंडनला गेलं, ब्रिटनच्या महोत्सवात वाजवून आलं. १९९२ ला पॅन त्या देशाचं राष्ट्रीय वाद्य ठरलं. चाळीस-पन्नास वर्षांत गुंडाचं वाद्य देशाचं वाद्य.

मशीनवर काम करणाऱ्या माणसाला हे जलतरंगासारखं वाटूच शकत नाही. आठ तास कानात यंत्राचा आवाज घेऊन जो घरी येतो त्याला माहीत असतं, लोखंड माणसाला बहिरं करतं. इथं माणसानं लोखंडाला बोलायला लावलं. तेही मालकाच्या टाकून दिलेल्या लोखंडाला. आपल्याकडं सौंदर्यशास्त्रावर जाड पुस्तकं आहेत, त्यात पिंपावरचं एक पान मला अजून भेटलं नाही.

आता रोटीचं. मित्रानं दुपारी एका गाडीवर रोटी खाल्ली. आत वाटलेली डाळ भरलेली मोठी पोळी, तिच्यात बटाट्याची आमटी गुंडाळलेली. त्याला घरची आठवण झाली, डोळ्यांत पाणी आलं. चांगलं वाक्य आहे. पण पुढं लिहितो, ह्या सगळ्या गर्दीत मी एकटाच भारतीय, परका. अरे लेका, हातातली रोटी कुठनं आली ते तरी विचारायचं!

गुलाम सुटले तेव्हा मळेवाल्यांना स्वस्त हात पाहिजे होते. १८४५ ते १९१७ ह्या काळात हिंदुस्थानातनं जवळजवळ १ लाख ४४ हजार माणसं करारावर त्रिनिदादला नेली. बहुतेक कलकत्त्याच्या बंदरातनं, भोजपुरी मुलखातली. पाच वर्षांचा करार, मळ्याबाहेर जायला चिठ्ठी लागायची. सगळ्या जातींचे होते, ब्राह्मणही होते, चांभारही होते. एका बोटीत, एका भांड्यातलं खाऊन तीन-तीन महिने काढल्यावर कुणाची जात कुठं राहणार? जहाजी भाई हे नवं नातं तयार झालं. पोचल्यावर पंडितांनी जमेल तेवढी जात परत उभी केली ही गोष्ट वेगळी, पण पहिल्यासारखी ती उभी राहिली नाही. आणि काळ्यांच्या मजुरीवर ह्यांना आणून बसवल्यामुळं दोघांत जे वैर लागलं ते मळेवाल्याच्या पथ्यावर पडलं.

तरी मिरवणुकीची भीती सरकारला दोघांचीही सारखीच. ज्या १८८४ मध्ये मशाली आणि ढोल बंद केले, त्याच सालच्या ३० ऑक्टोबरला सॅन फर्नांडोजवळ ह्या मजुरांच्या मोहरमच्या मिरवणुकीवर गोळीबार केला. तिकडं त्याला होसे म्हणतात, ताबूत घेऊन मुसलमान, हिंदू सगळे मजूर चालायचे, काळे लोकही ढोल वाजवायला यायचे. किमान १६ माणसं मेली, शंभरावर जखमी. त्या मिरवणुकीतलं वाद्य तिकडं अजून वाजतं, नाव आहे टासा. आपला ताशा. आणि कार्निव्हलच्या ट्रकवर जे सोका संगीत वाजतं, ज्यावर आपला मित्र 'आफ्रिकेचा आदिम ताल' म्हणून भाळलाय, ते १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला लॉर्ड शॉर्टी ह्या गायकानं कॅलिप्सोमध्ये ह्या मजुरांचे ढोलक आणि धनताल मिसळून घडवलं. म्हंजे ज्या तालाला हा परका म्हणतो त्यात ढोलक आहे. परका तो नाही, त्याची माहिती परकी आहे.

अर्ल लव्हलेस ह्या त्रिनिदादच्या लेखकाची 'द ड्रॅगन कान्ट डान्स' ही १९७९ ची कादंबरी आहे. डिक्शनरी शेजारी ठेवून मी ती सहा महिन्यांत वाचली. कॅल्व्हरी हिलवरची एक वस्ती. ऑल्ड्रिक नावाचा माणूस वर्षभर दुसरं काही करत नाही, कार्निव्हलसाठी ड्रॅगनचं सोंग शिवतो, दोन दिवस रस्त्यावर आग ओकतो आणि परत गरीब होतो. स्टील बँडला कंपन्यांचे प्रायोजक मिळतात तेव्हा वस्तीतले दांडगे पोरगे नको होतात. ज्यांच्या अंगातली आग विकायची त्यांनाच बाहेर काढायचं! मग काहीजण पोलिसांची जीप पळवून शहरभर फिरतात, भाषणं करतात, पुढं काय करायचं ते त्यांना माहीत नसतं, आणि तुरुंगात जातात. बाहेर आलेला ऑल्ड्रिक पुन्हा ड्रॅगन शिवत नाही. ह्याच वस्तीत पारियाग नावाचा भारतीय पोरगा खेड्यातनं बायको घेऊन राहायला आलेला. त्याला एवढंच पाहिजे, की ह्या लोकांनी आपल्याला माणूस म्हणून बघावं. तो नवी सायकल घेतो, आणि वस्तीतलं कुणीतरी ती मोडून टाकतं. काळ्यांच्या वस्तीनं भारतीयाला बाहेर ठेवलं हे एका काळ्या लेखकानं लपवलं नाही. आपल्या माणसांवर प्रेम करणारा लेखक असा लिहितो. कार्निव्हलमुळं सगळं विसरलं जातं, सगळे एक होतात, असं मित्र लिहितो. लव्हलेसनं विचारलं, बुधवारी काय?

मित्राच्या लेखातलं एक चांगलं सांगतो, नाहीतर म्हणाल हा नुसता झोडपतोय. तिसऱ्या पानावर एक म्हातारी बाई आहे. घडीची खुर्ची टाकून गल्लीच्या तोंडाला बसलीय, नाचत नाही, नुसती बोटानं गुडघ्यावर ठेका धरते, आणि प्रत्येक बँड गेला की कुणाकडं तरी बघून मान हलवते. फक्त चार ओळी. पण ह्या चार ओळींत 'रंगीबेरंगी' नाही. इथं तो फुटपाथावरनं एक पाऊल खाली उतरला होता. ती कुठल्या बेटाची? बसवर होती की दवाखान्यात? १९७६ ला ती कुठं होती? विचारलं नाही. पुढच्या ओळीत लगेच पिसं.

आणि त्याच्याही पुढं, चौथ्या पानावर, तो सहज लिहून जातो की दुपारी तीनला सगळ्या गाड्यांचे, सगळ्या साऊंड सिस्टिमींचे आवाज अचानक बंद झाले, त्याला वाटलं जनरेटर गेले, एखाद मिनिटानं पुन्हा सुरू झाले, तेवढ्यात त्यानं आईस्क्रीम घेतलं.

जनरेटर गेले नव्हते. १४ जून २०१७ ला नॉटिंग हिलपासनं चालत जाण्याच्या अंतरावर ग्रेनफेल टॉवर ही चोवीस मजली इमारत जळाली. त्याच नगरपालिकेची, गरिबांची, बऱ्याचशा बाहेरनं आलेल्यांची. नूतनीकरण करताना बाहेरनं जे आवरण चढवलं ते पेट घेणारं होतं. राहणाऱ्यांनी आगीच्या धोक्याबद्दल आधीपासनं लिहिलं होतं, बोललं होतं. ७२ माणसं मेली. त्या ऑगस्टात कार्निव्हल एक मिनिट थांबला आणि पुढच्या वर्षापासून दुपारी तीन वाजता ७२ सेकंद सगळा आवाज बंद होतो. माणसामागं एक सेकंद. लाखोंची गर्दी, भिंती हलवणारे स्पीकर, आणि सगळं गप्प.

सबंध लेख ह्या ७२ सेकंदांवर लिहायचा होता. जळत्या उसाकडं हाकलेल्या माणसांच्या सोंगातनं जो उत्सव निघाला तो जळालेल्या इमारतीसाठी थांबतो. ढोल बंद करायला १८८४ मध्ये कायदा आणि पोलीस लागले, इथं माणसांनी आपला आवाज आपल्या हातानं बंद केला आणि आपल्या हातानं सुरू केला. हे त्याच्या डोळ्यांसमोर घडलं. कानांसमोर घडलं. आमच्यातल्या कुणाला तिथं जायला मिळणार नाही, त्याला मिळालं.

संपादकांनी सांगितलंय की तो आणखी एक वर्ष तिकडंच आहे. मग त्याला माझा निरोप असा. ऑगस्टमध्ये, कार्निव्हलच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी स्टील बँडांची स्पर्धा असते, तिला जा. पॅन सूर लावणारा माणूस गाठ, त्याची हातोडी हातात घेऊन बघ, किती वजनाची आहे ते लिही. महागड्या घरांचे मालक त्या दोन दिवसांसाठी दारं-खिडक्यांना प्लायवूड ठोकून गावाला जातात, ते प्लायवूड कोण ठोकतं, काय मजुरी मिळते, विचार. म्हातारी त्याच कोपऱ्यावर असेल तर तिच्या शेजारी खाली बस. इंग्रजी फार लागणार नाही. आणि रोटीच्या गाडीवाल्याला त्याच्या आजोबाच्या गावाचं नाव माहीत आहे का तेही विचारून ये. लेख लांबला तरी चालेल, पानं कमी पडली तर माझ्या कविता पुढच्या अंकाला ठेवा.